आठे काय शे? : लिंबायतमधील निसर्गछायाचित्रणाचा एक पाठ

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत डॉक्टरने लिहायचे म्हणजे एखाद्या आजारावर लिहायचे, असा प्रघात आहे. मधुमेह, रक्तदाब, गर्भवतीचा आहार या विषयांवर आपले तज्ज्ञ सभासद माझ्यापेक्षा कितीतरी अधिक अधिकाराने लिहितात. म्हणून संपादक मंडळाची अनुमती घेऊन यंदा मी माझ्या छंदाविषयी लिहीत आहे. छंद छायाचित्रणाचा आहे, आणि त्यातही निसर्गदृश्यांचा. हे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग सापुताऱ्याला जाता का?" क्वचित जातो. पण गेल्या काही वर्षांतली माझी बहुतेक चित्रे दवाखान्यापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत काढलेली आहेत, असे म्हटल्यावर समोरचा गृहस्थ सौजन्याने विषय बदलतो.

एका हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास एका रुग्णाच्या घराच्या गच्चीवर मी कॅमेरा लावून उभा होतो. शेजारच्या गच्चीवर दातून करीत असलेले एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. यंत्रमागावर आयुष्य घालवलेले, मूळचे अमळनेर भागातले. शेवटी त्यांना राहवले नाही. "डाक्टरसाहेब, काय फोटो काढी ऱ्हायनात? आठे काय शे?" इथे काय आहे? त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे सुचलेले उत्तर म्हणजे हा लेख.

प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. काही वर्षांपूर्वी आपल्या भागातील मुलांच्या चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. विषय होता 'माझा परिसर'. हाती आलेल्या चित्रांपैकी बहुतेकांत दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, खाली वळणावळणाची नदी आणि काठावर कौलारू झोपडी होती. सुरत शहरात डोंगर नाही. लिंबायतमधून चारही दिशांना पाहिले तरी डोंगर दिसत नाही. ती मुले इथे जन्मलेली, कित्येकांचे वडीलही इथेच जन्मलेले. पण 'परिसर' म्हटल्याबरोबर त्यांच्या हातून जे उतरले, ते त्यांनी कधी न पाहिलेल्या कुठल्याशा गावाचे होते. आपणही फार वेगळे नाही. दोन-तीन पिढ्या इथे काढूनही 'गाव' म्हणजे आपल्या लेखी जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे गाव. लिंबायत हे राहण्याचे ठिकाण. म्हणूनच आपल्या घरांतील अल्बम लग्नांनी, बारशांनी आणि स्टुडिओतल्या पडद्यांनी भरलेले आहेत. ज्या गल्लीत आपण वाढलो, तिचे एकही चित्र त्यांत सापडत नाही. शेते जाऊन सोसायट्या उभ्या राहिल्या, पायवाटांचे रस्ते झाले, आणि हे सारे होत असताना कोणी कॅमेरा वर केला नाही, कारण तिथे काढण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही.

वास्तविक निसर्गछायाचित्रणाचा आरंभच अशा न पाहण्याजोग्या दृश्यापासून झाला आहे. कॅमेऱ्याने टिपलेले जे सर्वांत जुने चित्र आज शिल्लक आहे, ते फ्रान्समधील जोसेफ निसेफोर निएप्स यांनी १८२६ किंवा १८२७ साली घेतले. त्यात हिमशिखरे नाहीत की धबधबा नाही. सँ-लू-द-व्हारेन या गावी असलेल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून त्यांना जे दिसत होते तेच त्यात आहे: छपरे, भिंती आणि मधला मोकळा तुकडा. जस्तासारख्या दिसणाऱ्या कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर एक प्रकारचे डांबर फासून त्यांनी ते उमटवले. प्रकाश इतका वेळ द्यावा लागला की सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळलेल्या दिसतात. हा पत्रा आज अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे. लिंबायतच्या कुठल्याही तिसऱ्या मजल्यावरून जे दिसते, त्याचेच ते पूर्वज म्हणायला हरकत नाही.

खिडकीवरून आणखी एका व्यक्तीची आठवण होते, आणि डॉक्टरांना ती विशेष जवळची वाटेल. प्रागचे योसेफ सुडेक (१८९६–१९७६) हे बुकबाइंडर होते. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी झाल्याने त्यांचा उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. ज्या व्यवसायाला दोन हात लागतात तो सुटला आणि एका हाताने ते जड, मोठा कॅमेरा वापरू लागले. १९४० पासून, म्हणजे प्राग जर्मनांच्या ताब्यात असताना, रस्त्यावर कॅमेरा घेऊन हिंडणे धोक्याचे झाले होते. तेव्हा त्यांनी आपल्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीतून दिसणारे अंगण टिपायला सुरुवात केली, आणि ही मालिका १९५४ पर्यंत चालली. विषय काय, तर दव धरलेली काच, तिच्यापलीकडचे वाकडे झाड, पाऊस, बर्फ. चौदा वर्षे तीच खिडकी! आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या दवाखान्याच्या खिडकीतून चौदा मिनिटे बाहेर पाहिले असेल? (माझ्या दवाखान्याच्या खिडकीसमोर बराच काळ औषधांच्या खोक्यांची चळत होती, हे कबूल केले पाहिजे.)

पुढे १९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाऊसमध्ये दहा छायाचित्रकारांचे एक प्रदर्शन भरले. त्यात पर्वतांऐवजी कारखान्यांच्या भिंती, वाहनतळ, नवी एकसारखी घरे आणि मोकळे प्लॉट होते. त्या वेळी ते अनेकांना रुक्ष वाटले. आज ते निसर्गछायाचित्रणाला वळण देणारे प्रदर्शन मानले जाते. माणसाने बदललेली जमीन हीही जमीनच आहे, आणि बहुसंख्य माणसे तिच्यावरच राहतात, एवढे त्यातून मान्य झाले.

आपल्या व्यवसायाला मात्र ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक होती. आयुर्वेदात रुग्णपरीक्षेच्या वेळी 'देशा'चा विचार सांगितला आहे, आणि देश दोन मानले आहेत: एक भूमी आणि दुसरा स्वतः आतुर, म्हणजे रुग्णाचा देह. भूमीचेही जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार केलेले आहेत. कोरडी, विरळ झाडांची ती जांगल. पाणथळ, दमट ती आनूप. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या हवा, पाणी आणि स्थळे या विषयावरील ग्रंथातही अनोळखी नगरात आलेल्या वैद्याने आधी वाऱ्याची दिशा, पाण्याचा प्रकार, जमिनीचा चढउतार आणि गावाचे तोंड कोणत्या बाजूला आहे हे पाहावे, असा उपदेश आहे. म्हणजे नाडी पाहण्याआधी निसर्गदृश्य पाहायचे! या दृष्टीने आपला समाज एक मोठा देशबदल करून आलेला आहे, खानदेशच्या जांगलाकडे झुकणाऱ्या भूमीतून तापीकाठच्या आनूप भूमीत. तीच तापी, पण भुसावळला तिचे रूप वेगळे आणि समुद्राजवळ आल्यावर वेगळे. सुरतेत वर्षाला सरासरी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळपास सारा चार महिन्यांत, आणि तो उतरायला जमिनीला उतार असा नाही. लिंबायतचा नकाशा पाहिला तर पश्चिमेला मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग, दक्षिणेकडे उधन्याहून जळगावला जाणारा तापी व्हॅलीचा मार्ग, आणि मधून मीठी खाडी. दोन रुळांच्या कोनात आणि एका खाडीच्या आधाराने ही वस्ती आहे. गर्दीमुळे हे लक्षात येत नाही. ते लक्षात येण्यासाठी प्रथम उंचावर जावे लागते.

म्हणून पहिली जागा गच्ची. इथली घरे अरुंद आणि एकमेकांना चिकटून असल्याने रस्त्यावरून क्षितिज कधीच दिसत नाही. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर ते एकदम उघडते. गच्चीवर जाण्याचे निमित्त हवे असेल तर १४ जानेवारीसारखा दिवस नाही. उत्तरायणाला आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणाला कोणत्याही घराची गच्ची कोणालाही मोकळी असते, वर उंधियूही मिळते. पण खरी चित्रे मिळतात ती त्याच्या आगेमागे, डिसेंबर-जानेवारीच्या साध्या सकाळी. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची थर उबदार अशी उलटी स्थिती होते. धूर आणि धूळ वर चढू शकत नाही, एका उंचीवर आडवी पसरते. दम्याच्या रुग्णांची संख्या याच सकाळी वाढते, हे आपण जाणतोच. पण हेच धुरकट आवरण दृश्याला खोली देते. जवळच्या टाक्या काळ्या, त्यामागच्या गच्च्या राखाडी, त्यामागची धुरांडी फिकट आणि शेवटची तर हवेतच विरलेली. डोंगराळ प्रदेशात एकामागे एक रांगा जशा फिकट होत जातात, तसेच इथे घरांचे होते. कॅमेऱ्याची किंवा मोबाइलची थोडी लांब पल्ल्याची भिंग वापरली तर हे थर एकमेकांजवळ येतात. त्या मुलांनी काढलेले डोंगर मला प्रथम दिसले ते इथे.

एक व्यावहारिक सूचना इथेच करतो. ज्या इमारतीच्या तळमजल्यावर यंत्रमाग चालू असतील, त्या इमारतीच्या गच्चीवर तिपाईचा भरवसा धरू नये. संपूर्ण घर बारीक थरथरत असते. डोळ्यांना जाणवत नाही, पण पंधरांश सेकंदाचे चित्र हमखास हलते. मी याचे खापर कॅमेऱ्यावर फोडून तो दुरुस्तीला दिला होता. दुकानदाराने दोन दिवसांनी तो परत करून सांगितले की बिघाड काहीच नाही. पाळी बदलण्याच्या वेळी माग काही क्षण थांबतात, तेव्हा चित्र घ्यावे.

दुसरी जागा गल्ली, आणि इथे सूर्याचे थोडे गणित उपयोगी पडते. सुरत सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला मावळतो. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात तो तिथून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे आणि जूनच्या अखेरीस तितकाच उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे मावळतीची जागा वर्षभरात एकंदर ५० अंशांच्या पट्ट्यात ये-जा करते. याचा अर्थ असा की, ज्या ज्या गल्लीचे तोंड या पट्ट्यात कुठेही आहे, तिच्या बरोबर टोकाशी सूर्य वर्षातून दोनदा मावळतो. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींच्या दोन रांगांमधून सूर्य दिसतो त्या संध्याकाळी लोक रस्ते अडवून उभे राहतात. आपल्या गल्लीत तोच सूर्य त्याच नियमाने येतो, फक्त त्या वेळी आपण आत रुग्ण तपासत असतो. मोबाइलमधील होकायंत्राने आपल्या गल्लीची दिशा एकदा मोजून ठेवावी आणि ते दिवस दिनदर्शिकेत नोंदवावेत. आकाशातल्या विजेच्या तारांची अडचण वाटते खरी, परंतु मावळता प्रकाश समोरून आला की त्याच तारा चमकून उठतात आणि नजरेला दूरवर नेणाऱ्या रेषा होतात. त्या टाळण्याचा नाद मी सोडून दिला.

दुपारचा प्रकाश छायाचित्रकाराला वर्ज्य, असे सर्व पुस्तकांत लिहिलेले असते. अरुंद गल्लीच्या बाबतीत ते खरे नाही. मे महिन्याच्या अखेरीस सुरतेत मध्यान्हीला, म्हणजे घड्याळात साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी, सूर्य अगदी डोक्यावर येतो. (जुलैच्या मध्यासही येतो, पण तेव्हा ढग असतात.) जी बोळ वर्षभर सावलीत असते, तिच्या तळाशी काही मिनिटेच ऊन उतरते. भिंतींच्या मधोमध प्रकाशाची एक पट्टी पडते आणि दोन्ही बाजू अंधारात राहतात. अशा एका बोळीतील कुटुंबात मुडदूस झालेल्या बाळाला ड जीवनसत्त्व लिहून देताना मला ती पट्टी आठवली होती. त्या बोळीचे चित्र मी नंतर मुद्दाम त्या वेळेला जाऊन काढले.

तिसरी जागा पाणी. सुरतेत रेल्वेखालच्या बोगद्यासारख्या वाटेला गरनाळा म्हणतात. लिंबायतचा गरनाळा पहिल्या जोरदार पावसात भरतो आणि रहदारी थांबते, याची तक्रार आपण सर्वच करतो. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने तिथे जाऊन पाहावे. अंधाऱ्या चौकटीच्या आत पाण्यावर पलीकडचे आकाश उलटे पडलेले असते. पाण्याकडे वरून सरळ पाहिले तर ते प्रकाशाचा अगदी थोडा, शंभरातील दोन इतकाच भाग परतवते. नजर जितकी तिरपी, तितके प्रतिबिंब उजळ होते. म्हणून कॅमेरा गुडघ्याच्याही खाली, जवळजवळ पाण्याला टेकवून धरावा. मग ताटाएवढ्या डबक्यातसुद्धा चार मजली इमारत, तिच्यावरच्या वाळत घातलेल्या साड्या आणि मागचा ढग असा सारा पसारा मावतो. प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा काळसर असते, त्यामुळे आकाश पांढरे फटक पडण्याचा नेहमीचा दोषही येत नाही. मात्र या उद्योगासाठी पाण्यात उतरू नये. दक्षिण गुजरातला लेप्टोस्पायरोसिस नवा नाही, आणि पायाला भेग असलेला डॉक्टर त्या जंतूला इतर कोणाहून वेगळा दिसत नाही. तसेच रुळांवर जाऊन चित्रे काढण्याचा मोहही टाळावा. दिंडोलीच्या उड्डाणपुलाच्या कडेवरून दोन्ही बाजूंचा विस्तार सुरक्षितपणे दिसतो. त्या पुलाखालून जाणारा मार्ग थेट जळगावला पोचतो. वाटेत नवापूरचे स्टेशन लागते. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा सरहद्द त्याच्या मधूनच गेली, आणि आजही एकाच फलाटाचा एक भाग गुजरातेत व दुसरा महाराष्ट्रात आहे.

हा मार्ग आपल्याला जिथे घेऊन जातो, तिथेच, खानदेशात, या विषयाचा सर्वांत थोर गुरू होऊन गेला आणि आपण त्याला जवळजवळ विसरलो आहोत. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९). जन्माने पारशी. तरुणपणी परदेशात कलेचे शिक्षण आणि प्रवास करून ते चाळीसगावला परतले, आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यातून जवळजवळ बाहेरच पडले नाहीत. का, याविषयी अनेक कथा सांगितल्या जातात. एका प्रेयसीच्या रेल्वेगाडीची त्यांनी वाट पाहिल्याची कथा तर सर्वांना प्रिय आहे. मला त्या कथेपेक्षा त्यांचे काम अधिक विलक्षण वाटते. बाहेर न जाणाऱ्या या माणसाने निसर्गदृश्ये टिपली, ती टेबलावर. घरात सापडणाऱ्या किरकोळ वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश पाडून त्यांनी असे देखावे निर्माण केले की पाहणाऱ्याला ती दूरदेशीची खरी ठिकाणे वाटावीत. या प्रकाराला टेबलटॉप छायाचित्रण म्हणतात. जगभरच्या प्रदर्शनांतून त्यांना पारितोषिके मिळाली. त्यांचा बंगला आज संग्रहालय म्हणून जपलेला आहे.  गावी गेल्यावर एखादे वेळी तिथे जावे.

टेबलावरचे दृश्य खरे का वाटते, हे कळले की बाहेरचे दृश्यही अधिक कळते. वस्तूचा आकार आपण तिच्यावरून ठरवत नाही, आजूबाजूच्या खुणांवरून ठरवतो. कॅमेरा टेबलाच्या पातळीला आणला की वरून पाहणारा राक्षस नाहीसा होतो आणि आपण त्या भूमीवर उभे राहतो. भिंगाचे छिद्र लहान केले की जवळचे व लांबचे सारखेच स्पष्ट होते, जसे ते खऱ्या दूरच्या दृश्यात असते. जवळच्या लहान वस्तूत मागचा भाग पुसट झाला की ढोंग उघडे पडते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात हा पुसटपणा मुळातच कमी असतो, त्यामुळे या कामी तो मोठ्या कॅमेऱ्याहून सरस ठरतो. आणि दिवा एकच हवा, लांब ठेवलेला, कारण सूर्य एकच आहे आणि दोन सावल्या पडल्या की संपले.

दवाखान्यात हा प्रयोग अवश्य करावा. साहित्य आयते आहे. स्टीलच्या किडनी ट्रेमध्ये बोटभर पाणी घेतले की सरोवर होते. काठाला कापसाचे बोळे विरळ करून ठेवले की धुके. क्रेप बँडेज चुण्या पाडून पसरले तर नांगरलेले शेत. प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड चाळणीतून पाडली तर हिमवर्षाव. मागे आकाश म्हणून एक्स-रे पाहण्याची जुनी पेटी उभी करावी. क्ष-किरण चित्रे संगणकावर आल्यापासून ती बहुतेकांकडे धूळ खात पडली असेल. पांढऱ्याशुभ्र देखाव्यात कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो, कारण त्याला सारे जग मध्यम राखाडी करायची सवय आहे. म्हणून प्रकाश एक टप्पा वाढवून घ्यावा, नाहीतर बर्फाचा चिखल होतो. माझ्या कंपाउंडरने असे एक चित्र पाहून "साहेब, काश्मीरला कधी गेला होता?" असे विचारले, तेव्हा ट्रे अजून त्याच्या हातात होती.

आता या छंदातील माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा पाठ अपुरा राहील.

काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात खाडीचे पाणी वस्तीत शिरले. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाच्या पाण्याने तापीला आलेला महापूर सर्वांच्या लक्षात आहे. शहराचा फार मोठा भाग त्यात बुडाला. खाडीचा पूर त्याहून वेगळा. इथला पाऊस थांबलेला असतो, ऊनही पडलेले असते, आणि वरच्या तालुक्यांत आदल्या रात्री पडलेले पाणी निमूटपणे गल्लीत येते. त्या दिवशी स्वच्छ निळे आकाश होते आणि गुडघाभर स्थिर पाण्यात घरांची रांग आरशासारखी उतरली होती. चित्र देखणे आले. मी ते मोठे करून, चौकट लावून दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात टांगले. अनेकांनी वाखाणले. महिनाभराने एक रुग्ण तपासणीनंतर खुर्चीवरून उठेना. मग हलक्या आवाजात म्हणाला, "डाक्टरसाहेब, फोटोमा मन्हं घर पाणीमा शे. सोयरा येतीन, काय सांगू?" त्याच्या मुलीसाठी स्थळ पाहायला माणसे येणार होती. त्यांच्यातील कोणीतरी माझ्याकडे औषधाला येत असे. चित्रात माणूस एकही नव्हता. रुग्णाचा चेहरा त्याच्या संमतीवाचून दाखवू नये, हा नियम मी कधी मोडला नव्हता. म्हणूनच तर मी माणसे सोडून निसर्गदृश्याकडे वळलो होतो. पण घराला चेहरा असतो हे मला सुचले नव्हते. मला जे प्रतिबिंब दिसत होते, ते त्याला भिजलेल्या धान्याच्या पिंपासारखे दिसत होते. त्याच संध्याकाळी मी चित्र उतरवले.

उतरवले, पण फाडले नाही. त्यावर पुष्कळ विचार केला. पाणी लपवले तर ते पुन्हा येईल तेव्हा कोणाकडेच पुरावा नसेल. दाखवले तर ज्यांच्या दारात ते येते त्यांचीच मान खाली जाते. यातून मी काढलेला मार्ग सर्वांना पटेलच असे नाही. वस्तीतल्या पाच जागा मी ठरवल्या आहेत. एक पुलाचा खांब, एक सार्वजनिक भिंत, एक रस्त्याचे वळण, गरनाळ्याचे तोंड आणि खाडीचा काठ. यांत कोणाचेही घर ओळखू येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि पाणी आल्यास त्या दिवशी, त्याच जागी उभे राहून, त्याच उंचीवरून, तेच भिंग लावून मी चित्र घेतो. हे काम नवे नाही. अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रकारांच्या नेमक्या जागा शोधून तिथूनच पुन्हा चित्रे घेतली होती. डॉक्टरांना यातली शिस्त समजावून सांगायला नको. छातीचे क्ष-किरण चित्र सहा फुटांवरून, मागून पुढे असेच का घ्यायचे? समोरून घेतले तर हृदय मोठे दिसते आणि मागच्या चित्राशी तुलना फुकट जाते. जमिनीचेही तसेच आहे. दोन पावले पुढे सरकले तरी पाण्याची पातळी खोटी होते. खांबावरच्या पाण्याच्या खुणा मी आता विटांच्या थरांत मोजतो. कोणत्या वळणावर पाणी सर्वांत आधी साचते आणि सर्वांत शेवटी हटते, हे चित्रे शेजारी शेजारी ठेवल्यावर लहान मुलालाही कळते, आणि डेंग्यू-मलेरियाचे रुग्ण कोणत्या बाजूने अधिक येतील याचा अंदाज मला आठवडाभर आधी बांधता येतो. फॉगिंगची आणि साचलेल्या पाण्याच्या निचऱ्याची मागणी करताना या चित्रांच्या प्रती अर्जाला जोडल्या, तेव्हा अर्ज प्रथमच दुसऱ्या टेबलापर्यंत पोचला.

ज्याचे घर चित्रात होते, त्याच्या मुलीचे लग्न ठरले. मी जेवायला गेलो होतो. त्या चित्राचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. ते माझ्या कपाटात आहे, मागच्या बाजूला तारीख लिहून. त्याने कधी मागितले तर त्याला द्यायचे, असे ठरवले आहे.

गच्चीवरच्या त्या वृद्ध गृहस्थांना मात्र मी त्या सकाळचे चित्र दिले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि मागच्या फिकट धुरांड्यांपैकी एकावर बोट ठेवले. तिथे पूर्वी काय होते, कोणाची ज्वारी होती, विहीर कुठे होती, पहिली खोली बांधली तेव्हा रात्री कोल्हे ओरडत असत, असे ते तासभर सांगत राहिले. मी ते सारे चित्राच्या मागे लिहून घेतले; जागा पुरली नाही म्हणून वर कागद डकवला.

आपल्या पुढच्या स्नेहमेळाव्यात एका भिंतीवर अशी चित्रे लावावीत, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे दिला आहे. प्रत्येक सभासदाने एकच चित्र आणावे, ते आपल्या घरापासून किंवा दवाखान्यापासून एका किलोमीटरच्या आत काढलेले असावे, मोबाइलवरचे चालेल. कोणाचे दार किंवा घर ओळखू येत असल्यास आधी त्या घरच्यांना विचारावे. मुलांचीही चित्रे घ्यावीत, आणि त्यांच्यासाठी विषय तोच ठेवावा, 'माझा परिसर'. चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि आपण कुठे उभे होतो ते पेन्सिलीने लिहावे. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटते.